खपली, खरपुडी, पोपडा : टेबल क्र. ७ च्या नोंदी

१३ जानेवारी, भोगी

वाचनालयाच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात (२८ फेब्रुवारी) आम्हाला टेबल क्र. ७ मिळालं आहे. सहा फूट बाय अडीच फूट, एक पाय डुगडुगतो. आम्ही म्हणजे मी आणि आठवीतली भाची. विषय ठरत नव्हता, तो आज जेवताना पानात पडला.

तिच्या इंग्रजीच्या वहीत प्रश्न होता : 'क्रस्ट' हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा. तिने पिझ्झा, पृथ्वी आणि जखम अशी तीन वाक्यं केली होती. "आत्या, मराठीत एकच शब्द सांग ना, तिन्हीकडे चालेल असा." मी बीएस्सीला भूशास्त्र घेतलेली बाई, पटकन म्हणाले, "कवच."

"पिझ्झाचं कवच? गुडघ्याचं कवच?"

वहिनी तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी विस्तवावर टाकत होती. भाकरी टम्म फुगली, तिचा पापुद्रा सुटला. आईने तिच्या सवयीप्रमाणे बोटाने तो उचलला आणि आत लोणी घातलं. भाचीने विचारलं, मग याला काय म्हणायचं? पापुद्रा. आणि पिठल्याच्या कढईला खाली धरलंय ते? खरपुडी. तुझ्या चहावर धरली आहे ती? साय.

विषय ठरला : वरचा थर. (खरपुडी खालचा थर आहे, हे भाचीने लगेच दाखवून दिलं. शीर्षक तात्पुरतं.)

१७ जानेवारी

काम शून्य. भाची सायकलवरून पडली. उजवा गुडघा सोलवटला आहे, खोल नाही. रक्त थांबल्यावर तिचं पहिलं वाक्य : "आत्या, टेबलासाठी खपली मिळणार!" वहिनीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नोंदवहीत उतरवण्यासारखी नाही.

१८ जानेवारी

गुडघ्यावर खपली धरू लागली आहे. भाची काडेपेटीत कापूस घालून तयार. पेटीवर चिठ्ठी : 'माझी खपली'.

खपली कशी बनते ते तिला कागदावर काढून दिलं. रक्तपट्टिका जखमेपाशी गोळा होतात, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि वरून सगळं वाळतं. तिचा प्रश्न : म्हणजे खपली ही कातडी नाहीच? नाही. कातडीचं काम तिच्याखाली चालू असतं. खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि जखमेतला स्राव.

२० जानेवारी

भाकरीच्या पापुद्र्याची चाचणी. वहिनीने तीन केल्या, मी दोन. माझ्या दोन्ही फुगल्या नाहीत. कारण शोधता शोधता एक तास गेला, पण तो तास कामाचा निघाला.

तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात. ते सुकत आलं की उलटतात. दोन्ही अंगं आधी वाळून घट्ट होतात, ओल मध्ये कोंडते. मग विस्तवावर त्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. वाट मिळाली नाही तर वरचा पातळ थर उचलून धरतं. माझ्या भाकरीला काठाला चीर होती, वाफ तिथून पळाली. बाजरीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो, त्यामुळे सगळी भिस्त गरम पाण्यात मळण्यावर आणि थापण्यावर. वहिनीचा निकाल छोटा : "तुमचा हात बसलेला नाही, वन्सं."

पापुद्रा प्रदर्शनापर्यंत टिकणार नाही. त्याच दिवशी सकाळी ताजा करावा लागेल. वहिनीला विचारायचं आहे (धीर करून).

२२ जानेवारी

पाव. इथे गाडी अडली. पावाच्या वरच्या खरपूस भागाला आपल्याकडे काय म्हणतात? आई : "पावाची पाठ." दादा : "कड." बेकरीवाले काका : "वरचा भाग." कुणाचंच एकमत नाही, आणि त्याला कारण आहे. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, 'पाव' हा शब्दही त्यांचाच. पदार्थ घरी न होता बेकरीतून येत गेला, त्यामुळे त्याच्या भागांना स्वयंपाकघराने नावं ठेवलीच नाहीत.

शिवाय आपल्या लादीपावाला चारी बाजूंनी हे आवरण नसतंच. पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून बाजू पांढऱ्या मऊ राहतात आणि रंग चढतो तो फक्त पाठीला आणि बुडाला. गोव्याचा उंडो सुटा भाजतात, तो सगळीकडून कडक. दोन्ही शेजारी ठेवले तर मुलांना सांगायची गरजच उरणार नाही.

रंगाचं कारण : आत ओल आहे तोवर पावाचं पोट १०० अंशांपुढे जात नाही. वरचा भाग वाळला की त्याचं तापमान चढतं आणि साधारण १४० अंशांपुढे शर्करा आणि अमिनो आम्लं यांची जोरात गट्टी जमते. फ्रान्सच्या लुई कामिय मेयार याने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. कांदा परततानाचा आणि खरपुडीचा वास तिचाच.

लेबलवर 'पावाची पाठ' लिहायचं. आईचा शब्द सगळ्यांत चांगला आहे.

२५ जानेवारी

भाचीने खपली काढली. "निघतच होती," असं तिचं म्हणणं. गुडघा पुन्हा वाहतोय, काडेपेटीत बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा. वहिनीने आम्हा दोघींना एकत्र झापलं.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी जखम धुऊन व्हॅसलिन लावलं, वर पट्टी बांधली आणि म्हणाले, आता खपली धरू द्यायची नाही. भाचीचा चेहरा पडला. मलाही पटेना. खपली धरली म्हणजे जखम भरतेय, असंच आपण ऐकत आलो आहोत ना?

रात्री वाचलं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर याने डुकराच्या पिल्लांच्या उथळ जखमांवर प्रयोग केले. काही जखमा उघड्या ठेवून खपली धरू दिली, काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावून त्या ओल्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. नव्या पेशी ओलीतून सरकतात, कोरड्या खपलीतून नाही. खपली असली की त्यांना तिच्या बुडाखालून वाट पोखरत जावं लागतं.

म्हणजे आमच्या टेबलाला खपली हवी आणि भाचीच्या गुडघ्याला ती नको. गुडघा जिंकला.

२७ जानेवारी

आईला डॉक्टरांचं सांगितलं. ती खपलीबद्दल वेगळंच बोलू लागली. तिच्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. घरात देवी आल्या की शेवटची खपली पडेपर्यंत बाहेरचं कुणी आत येत नसे. हे बरोबरच होतं, पडलेल्या खपलीतही विषाणू असतो. आणि म्हणूनच जुन्या काळी चीनमध्ये देवीच्या वाळलेल्या खपल्या कुटून निरोग्याच्या नाकात फुंकत, सौम्य आजार होऊन पुढचा मोठा टळावा म्हणून. जेन्नरची गोस्तनदेवीची लस आल्यावर ही जोखीम संपली. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली ती लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या हातावरच्या फोडातून घेतलेली लस पुढे इतरांना टोचली गेली.

हे टेबलावर मावणार नाही. पण एक पुठ्ठा लावायचा.

३० जानेवारी

वाचनालयाच्या मागच्या भिंतीला लोणा लागला आहे. दरवर्षी रंग देतात, दरवर्षी पोपडे निघतात. आज एक तळहाताएवढा पोपडा अलगद काढला. मागून पांढरी मऊ भुकटी. ओल जमिनीतून भिंतीत चढते, येताना क्षार आणते, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात. कार्यवाहांना हे समजावलं. ते म्हणाले, "मॅडम, टेबलावर ठेवा, पण भिंत वाचनालयाची आहे असं लिहू नका."

लिहिणार नाही.

लोणावरून लोणार आठवलं. बुलढाण्याच्या त्या सरोवराच्या काठी पाणी आटलं की क्षारांचे थर धरत. पूर्वी ते गोळा करून विकत, आणि प्रतीप्रमाणे त्यांची नावं होती : दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. एकाच खारट थराला इतकी नावं! ज्यांचं पोट त्या थरावर असतं त्यांना एका शब्दात भागत नाही.

१ फेब्रुवारी

शब्दांची यादी केली. भाचीने शरीराचा विभाग हातात घेतला आणि तिला आवरणं कठीण झालं. डोळ्यांतली चिपडं. नाकातलं मेकूड. दातांवरचं किटण. डोक्यातला कोंडा. कोंड्यापाशी दोघी थांबलो. गव्हाच्या दाण्याचं वरचं आवरण दळलं की कोंडा, आणि डोक्याची कातडी झडली की तोही कोंडा. खालची पेशी वर सरकत, मरत, झडायला साधारण चार आठवडे लागतात. सगळ्यांचीच कातडी झडते, ढलप्या होऊन दिसू लागली की तिला नाव मिळतं.

मेकूड टेबलावर ठेवायचं नाही. यावर मतदान झालं, एकास एक. माझं मत जड धरलं.

४ फेब्रुवारी

भूकवच. माझा विभाग, आणि मला वाटलं होतं सगळ्यांत सोपा.

पुस्तकातली चित्रं खोटं बोलतात. भूकवच दिसावं म्हणून ते जाड काढतात. खरं प्रमाण दाखवायचं ठरवलं : १ मिलिमीटर म्हणजे १ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे दोरी ६ मीटर ३७ सेंटिमीटर. खोली पाच मीटर. दोरी दारातून बाहेर गेली, आणि आतला गाभा पूर्णपणे चपलांच्या रॅककडे गेला. प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधला थर, २,९०० किलोमीटरपर्यंत, म्हणजे मासिकांच्या कपाटापाशी संपतं.

आणि भूकवच? खंडांखाली सरासरी ३५ ते ४० मिलिमीटर, हिमालय-तिबेटखाली ७० च्या आसपास. समुद्राखाली जेमतेम ७. माणसाने पाडलेलं सगळ्यांत खोल भोक, रशियातलं कोला इथलं, १९७० ला सुरू होऊन १९८९ ला १२,२६२ मीटरवर पोचलं. दोरीवर १२ मिलिमीटर. भाचीने तिथे टाचणी लावली आणि उरलेल्या दोरीकडे बघत राहिली.

दुसरी टाचणी आपली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तीव्रता ६.३. (बाबा तेव्हा पाटणला शिकत होते. भांडी फडताळातून पडल्याचा आवाज ते अजून सांगतात.) त्या भूकंपांचा अभ्यास करायला कोयना परिसरात २०१६-१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं. हे काम कराडजवळ हजारमाचीच्या बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागले, कित्येक पटींनी जुने.

म्हणजे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहून झालेला, सह्याद्री ज्याचा बनला आहे तो काळा कातळ, दोरीवर सव्वा मिलिमीटर. भूकवचावर दिलेलं पूट.

५ फेब्रुवारी

रात्री झोप नाही. 'कवच' हा शब्दच मला खुपतोय.

कवच म्हटलं की कर्ण आठवतो, चिलखत आठवतं. आत काहीतरी नाजूक आहे आणि त्याला जपायला बाहेर कठीण काही आहे, असं मुलांना वाटतं. मग पुढची चूक ठरलेली : वर टणक कवच, खाली उकळता रस. तसं नाही. भूकवचाखालचं प्रावरण घन आहे. ते अतिशय संथपणे वाहतं, पण आहे घनच. भूकवच वेगळं ठरतं ते टणकपणामुळे नाही, तर घडणीमुळे. क्रोएशियात झाग्रेबजवळ ८ ऑक्टोबर १९०९ ला भूकंप झाला, त्याच्या नोंदी तपासताना आंद्रिया मोहोरोव्हिचिच याला दिसलं की ठरावीक खोलीवर भूकंपलहरी एकदम वेग घेतात. तिथे खडक बदलतो. ती सीमा म्हणजे भूकवचाचा तळ, मोहो विलगता. आणि जी भूपट्टं सरकतात ती एकट्या भूकवचाची नसतात. वरच्या प्रावरणाचा ताठ भाग त्यांच्या पोटाला चिकटलेला असतो.

खंडांचं भूकवच वर का आहे? हलकं आहे म्हणून. घनता पाण्याच्या साधारण २.७ पट, समुद्राखालच्याची ३ पट, प्रावरणाची ३.३ पट. पृथ्वीच्या जड मालातून हलका माल वेगळा होत वर आला. हे चिलखत नाही. ही साय आहे.

भाचीला सकाळी म्हटलं, "भूसाय म्हणूया?" ती म्हणाली, "परीक्षेत मार्क कापतील." बरोबर आहे. लेबलवर भूकवचच. पण शेजारी दुधाचं पातेलं ठेवणार.

९ फेब्रुवारी

जांभा आणला. कास पठारावर तो पायाखाली पसरलेला आहे, पण तिथला खडाही उचलायचा नाही, आणि उचलूही नये. दादाच्या ओळखीतल्या गवंड्याने चिपळूणहून अर्धा चिरा दिला. एसटीत कंडक्टरने विचारलं, "ताई, पिशवीत दगड?" हो म्हटलं. त्यांनी सामानाचं तिकीट फाडलं नाही, फक्त पुढच्या स्टॉपपर्यंत माझ्याकडे बघत होते.

टेबलावरच्या सगळ्या वस्तूंत मला हा सर्वांत प्रिय आहे. जांभा म्हणजे बेसॉल्टवर धरलेली खरपुडीच, फक्त आगीऐवजी पावसाने केलेली. उष्ण आणि ओल्या हवेत लाखो वर्षं पाणी खडकातून झिरपत राहिलं, सिलिका आणि विरघळणारे क्षार घेऊन गेलं. जे जाईना ते लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून तांबडा रंग, म्हणून ती भोकं. चिरेखाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली, ओलं-सुकं होत राहिलं की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन याने केरळात अंगाडिपुरम इथे लोकांना त्याच्या विटा कापताना पाहिलं आणि १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट.

याच कातळावर, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, कुणीतरी फार पूर्वी हत्ती, मासे आणि माणसं कोरून ठेवली आहेत. पृथ्वीच्या खरपुडीवर काढलेली चित्रं!

११ फेब्रुवारी

पट्टी निघाली. गुडघ्यावर गुलाबी, चकचकीत, अखंड कातडी. खपली नाही. भाची नाराज, वहिनी खूश. काडेपेटीतला २५ जानेवारीचा तुकडा वहिनीने केरात टाकला, आम्हाला न विचारता.

१६ फेब्रुवारी

टेबलाची मांडणी कशी करायची, यावर आठवडाभर अडकलो होतो. मी अन्न, भूमी, शरीर असे तीन कप्पे केले होते. बघायला नीटनेटकं, पण त्यातून काही कळत नव्हतं. कोंडा दोन कप्प्यांत, साय दोन कप्प्यांत.

आज भाचीनेच गाठ सोडवली. ती चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होती : पापुद्रा सुटतो. पोपडा निघतो. साय धरते. खरपुडी खरवडतात. कोंडा झडतो. किटण घासून काढतात. कवच फुटतं. "आत्या, हे सगळं ते कसं निघतं यावरच चाललंय!"

खरंच की. इंग्रजी शब्द त्या थराकडे बाहेरून बघतो : वर आहे, कडक आहे, झालं. लॅटिन 'क्रुस्टा'पासून तो तसाच आलाय, खेकड्याच्या पाठीलाही तोच शब्द पुरतो. मराठी त्या थराशी हाताने बोलते. उचलायचा की खरवडायचा, आपोआप गळतो की ओरबाडला तर रक्त येतं, हे ठरलं की शब्द ठरला.

तीन कप्पे रद्द. आता पाच : आपोआप सुटतं, उचलून निघतं, खरवडावं लागतं, फोडावं लागतं, हात लावायचा नाही.

पाचवा कप्पा रिकामा. खपलीचा होता.

२१ फेब्रुवारी

दादाच्या सांगलीकडच्या मित्राने खपली गहू पाठवला, बियाण्यासाठी राखलेला, न कांडलेला. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही कोण जाणे. दर सणाला आम्ही त्याची खीर खातो!

साध्या गव्हाची मळणी केली की दाणा मोकळा होतो, भूस उडून जातं. खपलीचं कणीस मोडलं तर त्याचे तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्यात दाणे फोलपटाला घट्ट धरून बसलेले, बहुधा दोन-दोन. ते काढायला वेगळं कांडावं लागतं. नाव त्यावरूनच पडलं असावं. माणसाने शेती सुरू केली त्या पहिल्या पिकांपैकी हा गहू. फोलपट चिकटून राहतं म्हणून कीड-मुंगीपासून दाणा जपला जातो. आणि कांडायला त्रास म्हणून पुढे मोकळ्या दाण्याच्या गव्हांनी त्याला मागे टाकलं.

इथे मात्र 'कवच' शोभलं असतं.

२८ फेब्रुवारी

सकाळी सहाला वहिनीने चार भाकऱ्या केल्या, पिठलं मुद्दाम लोखंडी कढईत. दहा वाजता खरपुडी टेबलावर, सव्वादहाला खरपुडी गायब. कार्यवाहांच्या मिशीला बेसन होतं. दुधावर साय धरली, ती मात्र टिकली.

दोरीवर मुलं अडखळली, दोनदा गाभा तुटला. पोपड्याचं लेबल : 'एका भिंतीचा'. सगळ्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं.

पाचव्या कप्प्यात भाचीची रिकामी काडेपेटी, 'माझी खपली' या चिठ्ठीसकट. लोक ती उघडून बघत आणि हसत. दुपारी नऊवारीतल्या एक आजी आल्या. शेजारच्या वाटीतला गव्हाचा एक तुकडा तळहातावर घेऊन त्यांनी अंगठ्याने रगडला. सुटला नाही. "ही अशी निघायची नाही बाळ, उखळात घालावी लागती," म्हणाल्या, आणि तो तुकडा वाटीत परत टाकायच्या ऐवजी काडेपेटीत ठेवून पेटी बंद केली. चिठ्ठी वाचली होती की नाही, माहीत नाही.

३ मार्च

आवराआवर. खर्च : दोरी, टाचण्या, पुठ्ठे, एसटी मिळून ४१० रु. उरलेला गहू आईकडे, पाडव्याच्या खिरीला. भाकरीचे पापुद्रे मुंग्यांनी नेले. टेबलाचा डुगडुगता पाय अजून तसाच.

चिऱ्याला घरी जागा मिळेना. वाचनालयाच्या पायरीशी टेकवला आहे. भाची त्याला सायकल लावते, ती पडली तेव्हापासून स्टँड वाकलेलाच आहे.